काकूंच्या बादलचा पाय

सुरुची आगाशे मिरजेहून लखनऊला आली ती उंदरांवर काम करायला. तिच्या संस्थेत उंदराच्या नडगीत हाडाच्या कॅन्सरच्या पेशी सोडत आणि रोग तिथून फुफ्फुसात कसा पोचतो ते पाहत. तिचा धाकटा भाऊ श्रीरंग असाच गेला होता. अकरावीत होता. पाय काढूनही रोग फुफ्फुसात शिरलाच.

नव्या औषधाने उंदरांची फुफ्फुसं स्वच्छ राहिली. पण उंदरांना हा रोग आपण देतो. कुत्र्यांना तो आपसूक होतो, अगदी मुलांना होतो तसा. म्हणून पुढची चाचणी आजारी कुत्र्यांवर ठरली. पशुवैद्यांनी तिची गाठ लष्करी छावणीत राहणाऱ्या लीलावतीकाकू साळवींशी घालून दिली. यजमान, कर्नलसाहेब, गेल्यावर काकूंना बादल हा कुत्राच काय तो सोबती, आणि त्याचा पुढचा पाय सुजलेला.

"पाय काढावा लागेल, काकू. आणि औषध लागू पडेलच असं नाही."

"खरं बोललीस, बरं केलंस," म्हणत काकू तयार झाल्या.

पाय काढला, औषध सुरू झालं आणि बादल तीन पायांवर बागेत धावू लागला. सुरुची दर रविवारी त्याला बघायला जाई आणि थालीपीठ खाऊन परते. एकदा काकूंनी विचारलं, "भावंडं किती तुम्ही?"

लखनऊत ती सगळ्यांना "भाई नहीं रहा" एवढंच सांगत असे. त्या दिवशी मराठीत सांगायला लागली आणि थांबेचना. श्रीरंगची शिट्टी, कुबड्या घेऊन जिना उतरायची त्याची घाई. "आत्ता असता तर लग्नाचा झाला असता," ती म्हणाली. काकूंनी तिचा हात धरून ठेवला.

थंडी सरली आणि बादल खोकू लागला. एक्स-रेत फुफ्फुसांवर डाग दिसले. त्याचे हाल बघवेनात, तेव्हा काकूंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन द्यायला सांगितलं. मग सुरुचीला म्हणाल्या, "तपासा त्याला. काय कळतं ते मला येऊन सांग."

औषधाने रोग रोखला नव्हता. लांबवला मात्र होता. मुलांना ते देण्याआधी बरंच काम बाकी होतं. सुरुचीने व्हरांड्यात बसून हे सगळं सांगितलं.

"म्हणजे हिवाळाभर तो मिळाला मला," काकू म्हणाल्या. "रविवारी येत जा गं. तेवढंच मराठी बोलणं होतं."

सुरुची अजून जाते. मिरजेहून आई फोनवर विचारते, "कायमची कधी येतेस?" सुरुची म्हणते, "येईन." तिला जावंसं फार वाटतं, पण ज्या घरी जावंसं वाटतं, त्या घरात श्रीरंग असतो.