उपडी कढई

टाळेबंदीत लग्नाच्या पंगती बंद झाल्या आणि समरकंदच्या खोलमत आचाऱ्याची कढई अंगणात उपडी पडली. अख्ख्या मोहल्ल्याचा पुलाव शिजवणारी कढई ती! बायकोने, सनोबरने, तिच्याखाली कोंबड्या ठेवल्या. सोमवारी भंगारवाला ती न्यायला येणार होता आणि खोलमत मेहुण्याच्या वीटभट्टीवर रुजू होणार होता.

अशात शेजारची ओयदिन आपा धावत आली. "खोलमत अका, लेकीच्या लग्नाला परवानगी मिळाली! रविवारी. तीसच माणसं, पण पुलाव तुमच्याच हातचा!"

खोलमतला आभाळ ठेंगणं झालं. लगेच घरातल्या पातेल्यात रंगीत तालीम! पण जन्मभर ओंजळीने मीठ घातलेला हात तो, त्याला चिमूट कुठली कळायला? सनोबरने घास तोंडात घेतला आणि थू थू केलं.

"अहो, वऱ्हाड पाणी पिऊन पिऊन फुटेल! तीस माणसांचं तर मीही रांधते."

टोमणा वर्मी लागला. खोलमत तडक आपाच्या दारात गेला. "आपा, मला थोडकं जमत नाही हो."

"मग भरपूर करा! लोकांना येऊ नका म्हटलंय, खाऊ नका कोण म्हणालं?"

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मोहल्ला एका अंगणात जमून पुलावाची गाजरं चिरतो. यंदा ज्याने त्याने आपल्या घरी चिरली आणि तांदूळ, मटणासकट आपाच्या फाटकाशी ठेवली. कुणाची काडीसारखी, शेजारच्या नोरबोय बाबांची बोटाएवढी.

"नोरबोय बाबा, गाजरं चिरलीत की सरपण फोडलंत?" खोलमत भिंतीवरून ओरडला. किती दिवसांनी तो असा ओरडला होता!

रविवारी पहाटे कढई सुलटी झाली. कोंबड्या केकाटत पळाल्या. चूल धडधडली आणि खोलमतच्या ओंजळीतून मीठ आपसूक पडलं. तीस पाहुण्यांची ताटं वाढून झाली, तशी झाकलेली ताटं दारोदार पोचली. मग सगळं चिडीचूप. खोलमत कान देऊन उभा राहिला.

"खोलमत!" नोरबोय बाबांची हाक आली. "अजून आहे का रे?"

पलीकडून दुसरी हाक, मग तिसरी. "आमच्या पोराच्या लग्नालाही तूच!" खोलमत झारा हातात धरून ढसाढसा रडला.

सोमवारी भंगारवाला हातगाडी घेऊन दारात हजर. भट्टीवर निघालेला खोलमत मान खाली घालून उभा राहिला. सनोबर कमरेवर हात ठेवून पुढे झाली.

"कढई मिळायची नाही," ती म्हणाली, "ती कामाला लागलीय. खुराड्यासाठी फळ्या असतील तर दाखवा."