रशीदमामूंचे दोन नॉर्वे

पर्यटकाला देश विचारायचा नाही, हा रशीदमामूंचा नियम होता. फर्दापूरला बसमधून पाहुणा उतरला की ते इंग्रजीत विचारत, "तुमचे आजोबा कुठले?" उत्तर ऐकून ते ठरवत की अजिंठ्याच्या लेण्यांत याला किती वेळ एकटं सोडायचं. मी गारखेड्याहून नवी गाइड म्हणून त्यांच्या हाताखाली आले, तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, "आजोबा गारखेड्याचेच." मामू निराश झाले. "मग तुझ्यात बघण्यासारखं काय नाय."

मामूंना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्यासारखा गाइड पुन्हा होणार नाही. हे मी कामाच्या अनुभवाने सांगते, प्रेमाने नाही. प्रेम वेगळं आहेच.

एकदा ऐन मे महिन्यात अमेरिकेहून बारा म्हातारी माणसं आली. त्यांचे पणजोबा शेतीसाठी नॉर्वे सोडून तिकडे गेलेले. यांच्यापैकी कुणीही नॉर्वे पाहिलेला नव्हता, पण प्रत्येक जेवणाआधी हात जोडून प्रार्थना. त्यात नॉर्वेचा राष्ट्रीय दिन आला. बाराही जण लोकरीचे, भरतकामाचे कपडे घालून लेण्यांसमोर उभे राहिले. सावलीत त्रेचाळीस होतं. दोघांना चक्कर आली, पण राष्ट्रगीत पूर्ण झालं. संध्याकाळी एका आजींनी हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरून त्यांच्या गावच्या बटाट्याच्या पोळ्या लाटल्या. मामूंनी खाऊन मत दिलं, "आपलीच हाये. मीठ विसरलेली."

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खुद्द नॉर्वेहून लोक आले. मामूंनी जय्यत तयारी केली. मीठ न घातलेल्या बटाट्याच्या पोळ्या सांगितल्या, ताटं मांडली आणि प्रार्थनेसाठी मान खाली घालून बसले. पाहुण्यांनीही माना खाली घातल्या. मामूंना वाटलं, त्यांची प्रार्थना चालली आहे. पाहुण्यांना वाटलं, मामूंची दुआ चालली आहे. पोळ्या गार झाल्यावर एका भुकेल्या गृहस्थांनी हळूच विचारलं, खायला हरकत नाही ना?

मग उलगडा झाला. चर्चमध्ये ते लग्नाला नाहीतर मयताला जात. अशा पोळ्या आजीकडे खाल्ल्याचं दोघांना आठवत होतं. घरी शुक्रवारी मेक्सिकन जेवण असे. बसचा ड्रायव्हरही शेजारी जेवायला बसेपर्यंत कुणी घास उचलेना. त्यांच्यात सत्तरीच्या एक बाई आपल्या नव्या मित्राबरोबर आल्या होत्या आणि दोघांची आधीच्या लग्नांची मोठी मुलंही सोबत होती. मामूंनी विचारलं, "मुलांची हरकत नाही?" मामूंचं इंग्रजी चांगलं होतं, तरी बाईंना प्रश्न कळला नाही.

परतताना मामू म्हणाले, "पोरी, जो जातो तो गाव घडी घालून नेतो, अन् घडी मोडू देत नाय. मागं राहतो त्याला रोज तेच अंगावर घालावं लागतं. ते विरणार, नवं घ्यावं लागणारच."

हे काही रिकामटेकडं तत्त्वज्ञान नव्हतं. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती. अजिंठ्यात शिवणकाम शिकवणाऱ्या जुबेदाबी, त्याही विधवा, यांच्याशी मामूंना निकाह करायचा होता. फर्दापूरची हरकत नव्हती. लोक दावतीत काय ठेवणार एवढंच विचारत. हरकत होती ओस्लोची. मामूंची एकुलती मुलगी शबाना तिथे दहा वर्षं नर्स होती; फोनवर तिथलं काही सांगत नसे, इथलंच विचारत असे. फोनवर ती म्हणाली, "अब्बा, लोगां क्या बोलेंगे?"

"कौनसे लोगां? तुम्हारे उधर के?"

"उधर कोई कुछ नै बोलता."

"इधर बी कोई नै बोल रहा, बेटा."

शबानाने फोन ठेवला. मामू मला म्हणाले, "तिच्या हो शिवाय निकाह नाय." मला तिचा भयंकर राग आला. स्वतः नॉर्वेत राहायचं आणि बापाला मात्र जिथल्या तिथे बसवून ठेवायचं!

जानेवारीत शबाना आली. मामूंनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, साक्षीदार पाहिजे. घरात पाऊल टाकताच तिने विचारलं, "अम्मीचा पलंग कुठाय?"

मामू उठले, घसा साफ केला आणि लेण्यात बोलत त्या आवाजात सुरू झाले, "इकडं लक्ष द्या. ही खोली दहा वर्षांपूर्वीची, तू गेलीस तेव्हाची. इथं अम्मीचा पलंग होता. पाय मोडला म्हणून काढला. हा तिचा कप. रोज पुसतो, त्यात चहा पीत नाय. ही तिची खुर्ची. हिच्यात पण बसत नाय." मग आवाज साधा झाला. "लेणी जशीच्या तशी ठेवता येतात बेटा, कारण तिथं कुणी राहत नाय. इथं मी राहतो."

शबाना त्या खुर्चीचा हात धरून रडली. मीही रडले, मला कुणी सांगितलेलं नसताना. बऱ्याच वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं आणि म्हणाली, "जुबेदाखालांना भेटायचंय मला. कधी येतील?"

मामूंनी घड्याळ पाहिलं.

"बाहेर रिक्षात बसलीय. दीड तास झाला."

शबाना चप्पल न घालताच बाहेर धावली.