लेनर्डचं चक्र

मायलो वाव्रा सरांनी जुन्या वस्तूला नवं करायचा घाट आयुष्यात कधी घातला नाही. गावच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं मुलांना रंधा मारायला, लेथ चालवायला शिकवलं. पण घरच्या कपाटातल्या सात रिव्हॉल्वरांवरचा एकही डाग घासून काढला नाही. "ज्याच्या हातानं पडला, त्याचाच तो," म्हणायचे.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की माजी सैनिकांच्या हॉलमध्ये अशीच पंधरा-वीस माणसं जमत. टेबलांवर हिरवं कापड, त्यावर ज्याचं त्याचं रिव्हॉल्वर, कडेला खिमा-राजम्याच्या तिखट चिलीचं पातेलं आणि कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, रिकामा चाप ओढायचा नाही, आणि परत ठेवताना आपल्या बोटांचे ठसे तेलाच्या फडक्यानं पुसायचे, कारण घामानं लोखंड गंजतं. नवखा माणूस चुकला तर कुणी ओरडत नसे. नुसतं बोलणं थांबे. तेवढं पुरे होई.

याच हॉलमध्ये चौतीस वर्षांपूर्वी लेनर्ड टेसार भेटला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, आडदांड, मोठ्या आवाजाचा. त्यानं घोडदळातलं जुनं रिव्हॉल्वर आणलं होतं. सरांकडेही त्याच जातीचं होतं. सरांनी विचारून ते हातात घेतलं, भागाभागावर कोरलेले नंबर वाचले आणि आपलं शेजारी ठेवून पुन्हा वाचले. लेनर्डच्या रिव्हॉल्वरमधल्या, गोळ्या भरायच्या फिरत्या चक्रावर सरांच्या रिव्हॉल्वरचा नंबर होता. आणि सरांच्या चक्रावर लेनर्डच्या रिव्हॉल्वरचा. शंभरेक वर्षांपूर्वी लष्कराच्या कारखान्यात दोन्ही एकाच वेळी दुरुस्तीला उघडली असणार, आणि जोडताना चक्रांची अदलाबदल झाली असणार.

"दे माझं मला, घे तुझं तू," लेनर्ड म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"फौजेनं जसं जोडलं तसंच राहील."

"मास्तर, फौजेची चूक म्हणजे काय देवाची आज्ञा आहे?"

तेव्हापासून दर महिन्याला लेनर्ड मागायचा आणि सर नाही म्हणायचे. सरांची बायको गेली तेव्हा लेनर्ड तीन आठवडे रोज सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चक्राचा विषय एका शब्दानं काढला नाही. चौथ्या आठवड्यात म्हणाला, "बरं, आता देतोस का?" त्या दिवशी सर पहिल्यांदा हसले.

यंदा लेनर्डचं हृदय थकलं, डोळेही गेले. रिव्हॉल्वर सरांकडे ठेवून तो वृद्धाश्रमात राहायला गेला. मार्चमधल्या एका दुपारी त्यानं सरांचा हात धरला. आवाजात थट्टा नव्हती.

"मायलो, एकदा बदलून बघ. फिरतं का, ते येऊन सांग. मग मी जायला मोकळा."

मरणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? घरी येऊन सरांनी टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पेचकस घेतला. आपल्या रिव्हॉल्वरच्या स्क्रूजवळचा बारीक ओरखडा नेहमीप्रमाणे नजरेला टोचला. हा आपलाच हात घसरल्याचा, असं धरून त्यांनी तीस वर्षं स्वतःला बोल लावला होता.

चक्रं बदलली. नंबर जुळले. सरांनी अंगठ्यानं घोडा हळूच मागे ओढला. गोळीचं एक घर सरकलं, दुसरं घर सरकलं, आणि तिसऱ्यावर चक्र अडकलं. दुसऱ्या रिव्हॉल्वरमध्येही तेच. इतकी वर्षं ज्याच्यासोबत झिजलं, त्याच्यापुरतंच ते उरलं होतं. कानशीचे चार हात मारले असते तर फिरलं असतं. सरांनी कानस उचलली, बराच वेळ हातात धरली आणि खाली ठेवली. मग आपल्या रिव्हॉल्वरमधलं जुनं चक्र, लेनर्डच्या नंबराचं, खिशात टाकून ते निघाले.

वृद्धाश्रमाच्या आवारात गाडी थांबवून ते बसून राहिले. फिरतं म्हणून सांगितलं तर काय बिघडणार होतं? त्याला दिसत तर नव्हतंच. पण हॉलमध्ये सगळं खपायचं, वस्तूबद्दल खोटं बोललेलं खपायचं नाही. 'देवा, तूच काय ते बोलायला लाव,' असं मनात म्हणून ते उतरले.

दारात जोलीन नर्स होती, त्यांचीच विद्यार्थिनी. "सर, बंदूक आत चालत नाही हं."

"बंदूक नाही, नुसतं पोट आहे तिचं. बघ."

"तुम्ही दोघं म्हणजे ना!" म्हणून तिनं सोडलं.

लेनर्डनं चक्र चाचपलं. नंबरावर अंगठा दाबून धरला. "फिरलं?"

"नाही," सर म्हणाले. "तिसऱ्या घरात अडकतं. कानशीनं झालं असतं. मी केलं नाही."

लेनर्डनं मोठा श्वास सोडला. "मला माहीत होतं."

"म्हणजे?"

"तू बहिणीच्या मयताला ओमाहाला गेलास तेव्हा घराची किल्ली माझ्याकडे होती. मी तुझं रिव्हॉल्वर उघडून चक्र बदलून बघितलं. न विचारता. पेचकस निसटला. तो ओरखडा माझा आहे, मायलो. सांगायला जीभ रेटत नव्हती. म्हटलं, तू स्वतः बदलून बघितलंस तर बोलता येईल."

सर उठून खिडकीशी गेले. बाहेर कुणी तरी फाटक लावत होतं.

"फिरत नाही हे माहीत होतं, मग दर महिन्याला मागत का होतास?"

"थांबलो असतो तर तू विचारलं असतंस, का थांबलास म्हणून."

मग सर परत खुर्चीत येऊन बसले.

"विचारायचं होतंस."

"तू हो म्हणाला असतास?"

"नाही."

"मग?"

"तरी विचारायचं होतंस."

"हो," लेनर्ड म्हणाला. डोळ्यांतलं पाणी त्यानं पुसलं नाही. सरांनी त्याचा हात चक्रासकट आपल्या दोन्ही हातांत धरला आणि जोलीन जेवणाचं ताट घेऊन येईपर्यंत तसाच ठेवला.

नऊ दिवसांनी लेनर्ड गेला.

मे महिन्याच्या बैठकीत सरांनी दोन्ही रिव्हॉल्वर शेजारी शेजारी मांडली, चक्रं फौजेनं जोडली होती तशीच. एकानं विचारून सरांचं उचललं आणि उजेडात धरलं.

"सर, चक्रावर गंज धरतोय. अंगठ्याएवढा डाग आहे." त्यानं तेलाचं फडकं पुढे केलं.

सरांनी त्याचा हात अलगद मागे सारला.

"असू दे," ते म्हणाले. "लेनर्डचा आहे."