पेशंटचा डबा

पेपरात नाव आलं की पोट भरत नाही, उलट पाहुणे वाढतात. अंबाजोगाईच्या गल्लीबोळांतल्या खानावळींचं कौतुक छापून आलं, त्यात आमची सगळ्यात वर. 'येसर मसाल्याच्या आमटीसाठी तरी या गावात थांबाच,' असं लिहिलं होतं. आमच्या ह्यांनी ते कात्रण गल्ल्यामागं चिकटवलं आणि दिवसभर त्याच्याकडंच बघत बसले. मी म्हटलं, "बघून झालं असंल तर जरा घागरी बघा. रिकाम्या हायेत."

दुष्काळाचं वर्ष होतं. नळ कधी यायचा ते देवालाच ठाऊक. आमची खानावळ दवाखान्याजवळ, म्हणून गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. आष्टी, वडवणी, कुठून कुठून आलेले, चेहरे उतरलेले. मी एक नियम पहिल्यापासून पाळला होता. पेशंटचा डबा आधी भरायचा, मग बाकीची ताटं. त्यावरून मी भल्याभल्यांशी भांडले आहे.

कौतुक वाचून सहकारी साखर कारखान्याचे एक संचालक जेवायला आले. उसाअभावी कारखाना बंद होता, पण साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांची इस्त्री काही मोडली नव्हती. बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, पाण्याची काळजी सोडा. आपला टँकर येत जाईल."

टँकर आला, आणि मागोमाग गाड्या भरून त्यांचे पाहुणेही. टेबलं त्यांच्यासाठी अडवलेली, दवाखान्याची माणसं बाहेर ताटकळलेली. भाकरी थापून थापून माझी मनगटं गेली. पाठ टेकली की वाटायचं, उद्या उजाडूच नये.

एका दुपारी आष्टीकडची एक बाई डबा घेऊन दारात उभी राहिली. लांबच्या चालू कारखान्यावर ऊसतोडीला गेलेला तिचा नवरा उसाच्या गाडीवरून पडला होता, त्याला घेऊन ती दवाखान्यात होती. रोज यायची. मी तिचा डबा हातात घेतला, तेवढ्यात आतून संचालकांचा आवाज आला, "वहिनी, आधी इकडं बघा. पाहुणे लांबून आलेत."

माझं डोकंच फिरलं. "लांबून तर हीबी आलीय, साहेब. पेशंटचा डबा हाय. दम धरा जरा."

ते हसले. पाहुण्यांदेखत हसावंच लागतं. पोटभर जेवले, आमटीची तारीफ केली आणि गेले. टँकर मात्र पुन्हा आला नाही.

हे म्हणाले, "जीभ जरा आवरली असती तर?"

"कावून आवरू?" मी म्हटलं खरं, पण आतून भ्याले होते. रांजण तळाला गेला. चूल बंद पडली. लांबून येणाऱ्या गाड्या मिटलेलं दार बघून माघारी जायच्या. दवाखान्याची माणसंही तशीच माघारी जायची, आणि ते मला बघवत नव्हतं.

अशात ती बाई आली. डब्यासोबत पाण्याची बाटली होती, दवाखान्यातून भरून आणलेली.

"मावशी, पाणी मी आणलंय. भाकरी तेवढी थापा."

मी परात ओढली. पीठ मळता मळता विचारलं, "मालक कसे हायेत? भाकरी चावते का त्यास्नी?"

तिनं डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. मग म्हणाली, "त्यांच्या नाकात नळी हाय, मावशी. आल्यापसून. तोंडानं कायबी देत न्हाईत."

"मग डबा कोण खातं गं?"

"मीच. जिन्याखाली बसून." तिनं पदर तोंडाशी धरला. "बाईमाणसानं एकटीनं हाटेलात, गड्यांच्यात बसून कसं खावं? लोक काय म्हणतील? पेशंटचा म्हणलं की कुणी काय इचारत न्हाई."

माझे हात पिठातच थांबले. इतकी वर्षं मी डबे भरत आले होते. त्यातले किती जिन्याखाली उघडले असतील, कोण जाणे! आणि मी बाई असून मला ते कळू नये? भडभडून आलं मला.

"आत चल," मी म्हटलं. "टेबलावर बस."

"नगं मावशी..."

"बस म्हणते ना!"

ती अंग चोरून, भिंतीकडं तोंड करून बसली. मी ताटात गरम भाकरी, चटणी, कांदा ठेवला. पहिला घास तिनं दाराकडं बघत घेतला. मग बघायचं सोडून दिलं, आणि ताट संपल्यावर भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवून म्हणाली, "मावशी, अजून एक हाय का? लई भूक लागलीय मला."