मामांनी न केलेली पापं

म्हसावदच्या आसपास आमच्या मामेसासऱ्यांइतका मोठा पापी झाला नाही, असं खुद्द त्यांचंच म्हणणं होतं. मी मात्र त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस आजवर पाहिलेला नाही. पिठाची गिरणी चालवणारा हा गृहस्थ जात्यात मुंगी जाऊ नये म्हणून धान्य दोनदा पाखडायचा. पण प्रकाशा गावी तापी नदीत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती विश्वासात आल्यापासून त्यांना आपल्या जुन्या आयुष्याचा विलक्षण अभिमान वाटू लागला होता. जुना माणूस नदीत बुडाला, वर आला तो नवा, हे ते गिऱ्हाइकांना चालत्या गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सांगत. एकदा शेजारच्या शेतकऱ्याने बाप्तिस्म्याआधी दिलेली पहार परत मागितली, तर मामा शांतपणे म्हणाले, "ती नेनारा तो जुना मानूस. तो मरी गया." शेतकरीही खमक्या. म्हणाला, "मंग त्याना कपडा घालीसन तू कसाले फिरस? मन्ही पहार दे पहिले." मामांनी पहार दिली आणि वर त्याला प्रार्थनेला यायचं निमंत्रणही दिलं.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दर रविवारी गाणी संपली की पाळक विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे? मग ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं आणि आपण कोण होतो, देवाने आपल्याला कसं सोडवलं, ते सांगायचं. मी आणि माझी बायको शहाद्याहून त्यासाठीच वेळेवर पोहोचायचो, कारण मामा उठणार हे ठरलेलं. त्यांची खरी साक्ष एवढीच होती की लग्नकार्यात ते मोहाची घोटभर घेत आणि एकदा त्यांनी दुसऱ्याच्या शेतातली पपई तोडली होती. पण एवढ्याशा पापावर कोण रडणार? बाहेरगावचे प्रचारक येऊन चाकू-सुऱ्यांच्या साक्षी देऊन जात आणि बायका पदर डोळ्यांना लावत. मामांच्या पपईला मात्र लोक जांभया देत. मग पपईचा टेम्पो झाला, टेम्पोचा सातपुड्याच्या घाटातला दरोडा झाला. मामांना यात खोटेपणा वाटत नसावा. पाप जितकं मोठं, तितकी देवाची कृपा मोठी दिसते, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हे सगळं ते पुस्तकी मराठीत सांगत, "मी महापापी मनुष्य होतो," असं, हात जोडून. पुढे दरोडाही जुना झाला, तेव्हा त्यांनी दारू पिऊन बायकोला मारल्याचं सांगणं सुरू केलं. बायकांच्या बाजूला बसलेली मामी माझ्या बायकोच्या कानात म्हणाली, "माले मारं म्हनतस. कव्हय मारं, मालेच याद नही." आम्ही दोघं खूप हसलो होतो.

त्यांच्या धाकट्या मुलीला बघायला नवापूरची मंडळी आली, तेव्हा मात्र हसू आटलं. शनिवारी मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली. ती पोर त्या संध्याकाळी उगाचच अंगण पुन्हा पुन्हा झाडत होती. पाहुणे रविवारच्या उपासनेला थांबले. मामीने निघताना बजावलं, आज उठायचं नाही. पण पाळकांनी विचारलं आणि मामा उभे राहिलेच, पाहुण्यांचा मान म्हणून तर अधिकच रंगून. त्या दिवशीच्या साक्षीत मामीचा हात मोडला, ती पोरीला पोटाशी धरून रात्रभर शेतात लपली. पाहुण्यांनीही सगळ्यांबरोबर हालेलुया म्हटलं. दोन दिवसांनी मुलाच्या आईचा मला फोन आला. "देवाने त्यांना माफ केलं, चांगलं झालं. पण आमची मोठी मुलगी अशाच घरातून मार खाऊन परत आलीय हो. पुन्हा तसल्या घराशी नातं नको."

मी खरं काय ते सांगितलं, पण सोयऱ्याची बाजू घेतो असंच त्यांना वाटलं. सांगायला मामाच हवे होते. मामीने विनवलं, मी गाडी काढतो म्हणालो. मामा म्हणायचे, येत्या रविवारी मंडळीसमोर सांगतो, मग जाऊ. देवाच्या घरात उभं राहून खोटं बोललो, हे सांगायला त्यांची जीभ उचलेना. रविवार येत गेले, मामा मान खाली घालून बसून राहिले, आणि एक दिवस नवापूरहून त्या मुलाच्या लग्नाची बातमी आली.

त्यानंतरच्या रविवारी मामा उठले. पुस्तकी मराठी त्यांना आठवलीच नाही. "मी खोटं बोलनू. दरोडा घालेल नही. मन्ही बायकोले कव्हयच मारेल नही. पपई एकच व्हती, तीबी कच्ची. मन्ही पोरनी सोयरीक मी मोडी." आणि ते बसले. आयुष्यातली त्यांची पहिली खरी साक्ष, आणि तिच्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. एक म्हातारबा बाहेर पडताना मला म्हणाले, काय हा नम्रपणा!

घरी पोरीने चहा आणला. मामांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "माफ करशी का माले?"

"मी कव्हयच माफ करी टाकं, बाबा," ती म्हणाली. "चहा थंडा व्हई ऱ्हायना."

पापातून सुटका कशी होते हे गावभर सांगत फिरलेल्या त्या माणसाला, सुटका अशी हातात आणून दिल्यावर, कप उचलता येईना. मला त्यांची फार फार कणव आली. पोरीने बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि स्वतःच त्यांच्या ओठांशी धरला.