झुंबरशेठची घट

झुंबरशेठ माणूस भेटला की आधी ‘जय जिनेंद्र’ म्हणायचा आणि लगेच त्याचं वजन सांगायचा. “जय जिनेंद्र, वकीलसाहेब. ब्याऐंशी. दिवाळी मानवली.” चूक कधी नाही. एकदा जळगावात एक पुढारी आले, हार घालून घ्यायला वाकले, तर शेठ त्यांच्या कानात म्हणाला, “हार धरून एकशे चार.” पुढाऱ्यांनी त्या दिवसाचं भाषण पोट आत ओढून केलं, म्हणून ते जिल्ह्यातलं सगळ्यात छोटं भाषण ठरलं. लग्नकार्यात शेठ शिरला की बायका खांबाआड जायच्या. सर्कशीतल्या हत्तीचं वजन त्यानं सांगितलं तेव्हा हत्ती लाजला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पटत नसेल त्यानं हत्तीला विचारावं.

दोष त्याचा नव्हता. तीन पिढ्यांची डाळमिल. फाटकातच मालाचे ट्रक तोलायचा वजनकाटा, आणि शेठ रांगायला शिकला तो त्या काट्याच्या पोलादी फळीवर. स्वतःचं वजन मात्र तो सांगत नसे. “तो घरचा मामला आहे.” कांदा-लसूण वर्ज्य, त्याची भरपाई तुपानं. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, म्हणजे मी टोकावर लटकायचो, बाकी बाक त्याचा. पुढे माझं लेथचं दुकान त्याच्या मिलच्या भिंतीला टेकून उभं राहिलं. आता शेठ नाही. भिंत आहे, पण टेकायला नको वाटतं.

साठी उलटल्यावर माणसं पालिताण्याला यात्रेला जातात, नातवंडं खेळवतात. शेठ एका दुपारी माझ्या दुकानात आला, स्टूल मोडलं, म्हणजे बसला, आणि मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. परदेशातल्या कुठल्यातरी सरळसोट पट्टीवर आपल्या आजोबांच्या वयाची एक गाडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटली होती.

“पाटील, गोदामात वडिलांची पद्मिनी गाडी पडलीय. तिला अशी पळवायची. पाव मैल. वळायचं नाही, भोंगा वाजवायचा नाही. एकदम सरळ.”

“शेठ, तुला पोचायचंय कुठं?”

“कुठंच नाही. सगळी जिंदगी एका जागी बसून माल तोलला. एकदा, एकच वेळ, सुटून बघायचंय.”

तुरीच्या पोत्यांमागून आम्ही ती क्रीम रंगाची पद्मिनी ओढून काढली. तिच्यातून उंदरांची चार घराणी बाहेर पडली. जुन्या इंजिनात जीव नव्हता, म्हणून भंगार बाजारातून एका चेपलेल्या नव्या गाडीचं इंजिन आणलं आणि एका डिझेल जीपचा टर्बो. टर्बो म्हणजे काय, ते मी त्याला समजावलं. इंजिनातून बाहेर जाणारा धूर एक पंखा फिरवतो, तो पंखा दुसऱ्या पंख्याला फिरवतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त ताकद. शेठ उभा राहिला. डोळ्यांत पाणी.

“म्हणजे वाया जाणारा धूर कामाला लावायचा? अरे, ही तर आमची चुनी!”

डाळ भरडताना जो कोंडा-तुकडा पडतो त्याला चुनी म्हणतात, आणि मिलवाला तीही ढोरांसाठी विकतो. शेठचे वडील सांगायचे, डाळीत घर चालतं, चुनीत लग्नं होतात. त्या दिवसापासून टर्बोला कोणी टर्बो म्हटलं नाही. “पाटील, चुनी किती दाबते?” “पाटील, चुनी शिट्टी मारतेय.”

मग वजन उतरवणं सुरू झालं, आणि शेठच्या अंगात आलं. मागची सीट काढली, काचांच्या जागी प्लास्टिक लावलं, दारांचे पत्रे सोलून आतलं लोखंड फेकलं. जे काढता येईना त्याला भोकं पाडली. इतकी, की गाडी उन्हात उभी केली की खाली सावली नाही, रांगोळी पडायची. सुशीलाभाभी मला म्हणाल्या, “पाटीलभाऊ, आमच्या घरात एक झारा होता. आता तवापण झारा झालाय. यांना सराव करायचा होता म्हणे!” शेठ माझ्याकडे बघून म्हणाला, “हिचं मनावर घेऊ नको. तव्याला तीनच पाडली.”

शेठनं अशाच पाव मैलाच्या एका शर्यतीत नाव घातलं होतं. तिचा एक नियम होता. प्रत्येक गटात गाडी अधिक ड्रायव्हर यांचं किमान वजन ठरलेलं, त्याहून हलकं चालत नाही. शेठला गाडी त्या नियमाच्या बरोब्बर काठावर आणायची होती, स्वतःचं वजन धरून. दर रविवारी ती मिलच्या काट्यावर चढायची, आत शेठ. दगडूआबा, काट्यावर बसणारा म्हातारा, खिडकीतून आकडा ओरडायचा. हळूहळू काठ आला. दिवाळीच्या आत तर गाडी नियमाच्या अगदी उंबऱ्यावर जाऊन बसली. शेठनं सगळ्या हमालांना जिलेबी वाटली.

त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही चुनीची हवा थंड करणारी जाळी नवी बसवली होती. वजन थोडं वाढणारच होतं. दगडूआबा आकडा ओरडला, तर तो कमी. चांगलाच कमी.

“आबा, नीट बघ.”

“नीटच पाह्यना शेठ. कमीच शे.”

शेठ भडकला. मिलवाल्याला बापावरून शिवी चालेल, पण त्याचा काटा खोटा निघायला नको. आख्ख्या खानदेशात बोलबाला, झुंबरशेठ काटा मारत नाही. त्यानं सरकारी शिक्क्याची वजनं मागवली, घामाघूम होऊन स्वतः काट्यावर रचली, पुन्हा उतरवली, पुन्हा रचली.

“काटा बराबर शे, शेठ,” आबा म्हणाला. “बठ्ठं बराबर शे.” म्हणजे सगळंच बरोबर.

मग एकटी गाडी तोलली. ती वाढली होती, जाळीइतकीच. मला वाटलं, शेठनं लपून उपास धरला असेल. मी टाळी वाजवत म्हणालो, “वा शेठ, भाभींनी तूप बंद केलं वाटतं!” भाभी डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “नाही हो. तेवढंच वाढते मी. तेच टाकून उठतात आजकाल.”

शेठ पोती तोलायच्या छोट्या काट्याकडे गेला. चप्पल काढली, देवळात काढतात तशी, आणि वर उभा राहिला. घरचा मामला पहिल्यांदा चारचौघांत आला. आकडा त्यानं एकट्यानंच पाहिला.

“पाटील,” तो खाली उतरून म्हणाला, “मालाला घट लागलीय.”

गोदामात धान्य पडून राहिलं की वजनात तूट येते, ती घट. वाळून येते, किडीनं येते, उंदरांनी येते. शेठ म्हणाला, “कुठला उंदीर लागलाय, बघायला पाहिजे.”

तपासण्यांसाठी नाशिकला जाऊन आला तेव्हा मी फाटकातच उभा होतो. गाडीतून उतरून तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “उंदीर सापडला. पोटात आहे. पण बिळं फार झालीत रे.” त्या दिवसापासून त्यानं लोकांची वजनं सांगणं बंद केलं. ‘जय जिनेंद्र’ म्हणायचा, पुढे बोलायचा नाही. समोरचा वाट बघत उभा राहायचा.

शर्यत थंडीत होती, धुळ्याजवळच्या एका धावपट्टीवर. मुलगा नको म्हणाला, डॉक्टर नको म्हणाले, मीही म्हणालो, “शेठ, मी चालवतो, तू बघ.” तो म्हणाला, “माझ्या वतीनं जेवशील पण का?” शेवटी भाभी बोलल्या. “जाऊ द्या. घरात बसवून कोणता माल वाढणार आहे?” त्या स्वतः मागच्या गाडीत बसल्या, मांडीवर डाळीच्या पाण्याचा थर्मास. दुसरं काही शेठच्या पोटात राहत नव्हतं.

धावपट्टीवर तपासणीचा काटा होता. शेठ पद्मिनीत बसला. क्लच दाबून बघितला, पाय कापत होता पण दाबला गेला. तपासणीवाला पोरगा आकडा बघून म्हणाला, “काका, तुमच्या गटाला वजन कमी पडतंय. भरून काढा, नाहीतर शर्यतीत उतरता येणार नाही.”

मी जोरात हसलो. खरं सांगतो, हसलोच. वर्षभर आम्ही एकेक स्क्रू पोखरला, तवा पोखरला, आणि आता वजन कमी! शेठही हसला. त्यानं धुळ्यातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन केला आणि तासाभरात रिक्षातून तूरडाळीचे दोन कट्टे आले. शेठनं शिवण उसवून मूठभर डाळ तळहातावर घेतली, नाक मुरडलं. “पॉलिश फार मारलंय. दुसऱ्याची डाळ घेऊन पळायची वेळ आली, पाटील.”

कट्टे मी उचलले. पहिला ड्रायव्हरच्या शेजारी, रिकाम्या जागेत ठेवला, पट्ट्यांनी आवळला. दुसरा उचलताना माझी कंबर भरून आली आणि मी तिथंच थांबलो. गाडी तीच होती. तीत काही कमी नव्हतं. जेवढं कमी होतं त्यातलं निम्मं माझ्या दोन हातांत होतं. शेठनं माझ्याकडे पाहिलं. “ठेव,” तो म्हणाला. “पडेल.”

शेजारी पुण्याच्या एका पोराची चकाकती गाडी. दिवा हिरवा झाला आणि चुनीनं अशी शिट्टी मारली की धुळ्यापासून अमळनेरपर्यंतचे कुकर उतरवले गेले असतील. पद्मिनीचं नाक वर झालं, मागे निळा धूर, आणि आमचा झुंबरशेठ सुटला. सरळ. भाभींनी डोळे मिटले नाहीत. पुण्याची गाडी थोडी आधी पोचली. थोडीच.

मी मोटारसायकलवर भाभींना मागे घेऊन पट्टीच्या टोकाला गेलो. गाडी उभी होती, इंजिन बंद, शेठ स्टिअरिंग धरून बसलेला. हेल्मेटच्या आत चेहरा घामानं भिजलेला आणि लख्ख खुश. मी घाईघाईनं शेजारचा पट्टा सोडायला लागलो, आधी कट्टे काढू, मग त्याला धरून उतरवू म्हणून.

त्यानं माझं मनगट धरलं.

“कट्टे उतरवू नको, पाटील,” तो म्हणाला. “जरा वेळ पुऱ्या वजनात बसू दे.”

मी पट्टा परत लावला. भाभी दाराशी उभ्या राहिल्या. ऊन वर येत होतं, आणि आम्ही तिघं तिथंच थांबलो.