सात वाजता, वीस मिनिटं इकडे-तिकडे

आईचा फोन आला तेव्हा कारंज्याच्या शाळेत माझा तिसरा तास चालू होता. हिंगणीच्या घरी मनोजने प्राण सोडला होता. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की अजून तर दोन महिने आहेत... सख्ख्या धाकट्या भावाचा असा हिशेब करणाऱ्या माझ्यातल्या बहिणीची मला आजही लाज वाटते.

मनोज उपग्रहाच्या रडारवरून समुद्राच्या लाटांची उंची मोजायचा. बोर धरणापलीकडे पाणी न पाहिलेला पोरगा निघाला समुद्र मोजायला, म्हणून आम्ही त्याला छळायचो. तो शांतपणे समजावायचा. वरून सोडलेला संदेश लाटेच्या माथ्यावरून आधी परततो, खोलगट भागातून जरा मागून. त्या मागेपुढे होण्यावरून उंची कळते. पण एकटा परतलेला संदेश भरवशाचा नसतो, म्हणून पुष्कळांची सरासरी काढायची, आणि तरीही आकड्यापुढे तो किती कमी-जास्त असू शकेल ते लिहायचंच. न लिहिणारा त्याच्या लेखी खोटारडा. ही खोड घरातही होती. सुट्टीत निघाला की फोन यायचा, "सात वाजता येतो, वीस मिनिटं इकडे-तिकडे."

सावंगीच्या दवाखान्यातून त्याला घरी आणलं, त्या दिवशी मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले?

"तीन महिने. महिनाभर इकडे-तिकडे," तो म्हणाला. आणि मग, "ताई, इकडलंई ध्यानात ठेवजो."

मी गणित शिकवते. तरी मी चारच महिने ऐकले. तिसऱ्या महिन्यापासूनची रजा टाकली आणि तोवर रविवारी तेवढी जात राहिले. शेवटच्या रविवारी त्याने माझा हात धरून "आज राह्य नं," म्हटलं. पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी नक्की, असं सांगून मी बस पकडली. तो गुरुवारी गेला, दोन महिने पुरते होताना.

आता तीच रजा घेऊन मी हिंगणीत आहे. मनोज यायचा तेव्हासारखीच, रोज संध्याकाळी सातला वीस मिनिटं कमी असताना आई चहाचं आधण ठेवते, दाराकडे बघत उभी राहते आणि सात वीसला गॅस बंद करते. काल न राहवून मी विचारलं, "सातले यायचा तो. तू इतक्या आधीपासून काऊन उभी राह्यत होती?"

आईने पदराने ओटा पुसला.

"लवकर आला असता त?"